बाळाची पहिली शी आणि वाटेत थांबलेल्या पेशी

बाळंतिणीला भेटायला गेलो की आपण विचारतो, वजन किती भरले, बाळ रडले का, दूध ओढते का. त्यात आणखी एक प्रश्न हवा: बाळाला पहिली शी झाली का? ही शी डांबरासारखी काळपट हिरवी आणि चिकट असते. पूर्ण दिवसांच्या बहुतेक बाळांना ती २४ तासांच्या आत होते. ४८ तास उलटून गेले तरी झाली नाही, पोट ढोलासारखे ताणले, हिरवी उलटी झाली, तर घरात बसून वाट पाहायची नाही.

यामागे जी कारणे असू शकतात, त्यातले एक म्हणजे हिर्शस्प्रुंग आजार. साधारण ५००० जन्मांमागे एका बाळाला तो होतो आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त दिसतो. १८८६ साली कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी अशा दोन बाळांची माहिती मांडली. या बाळांचे मोठे आतडे फुगून प्रचंड झालेले असे, म्हणून डॉक्टरांना बरीच वर्षे तोच भाग आजारी वाटत होता. खरे उलटे आहे. फुगलेला भाग बहुधा चांगला असतो. दोष असतो त्याच्या खालच्या, गुदद्वाराकडच्या अरुंद भागात. तिथे आतड्याला हलवणाऱ्या मज्जापेशीच नसतात. तो भाग आवळलेला राहतो आणि मळ त्याच्या मागे साचत जातो.

त्या पेशी तिथे का नसतात, हे समजण्यासाठी गर्भाच्या चौथ्या आठवड्यात जावे लागते. तेव्हा पाठीच्या बाजूला मेंदू व मज्जारज्जूची नळी तयार होत असते. तिच्या वरच्या काठावरून काही पेशी सुटतात आणि शरीरभर चालत जातात. यांना न्यूरल क्रेस्ट पेशी म्हणतात. एकाच काठावरून निघालेल्या या पेशींपैकी कोणी चेहऱ्याची हाडे होतात, कोणी कातडीला रंग देणाऱ्या पेशी, कोणी आतड्याच्या मज्जापेशी. कोणी काय व्हायचे, हे बऱ्याच अंशी वाटेत मिळणाऱ्या निरोपांवर ठरते.

आतड्याकडे जाणाऱ्या पेशी मानेच्या भागातून निघतात, अन्ननलिकेच्या बाजूने आत शिरतात आणि सातव्या आठवड्याच्या सुमारास शेवटच्या टोकाला पोचतात. वाटेत आतड्याच्या भिंतीतून जीडीएनएफ नावाचे प्रथिन पाझरत असते. पेशींच्या अंगावर रेट नावाचे दुसरे प्रथिन असते. कुलपात किल्ली बसावी तसे पहिले दुसऱ्याला कामाला लावते आणि पेशीला आतून हुकूम मिळतो: जगा, वाढा, पुढे चला. दुसरा निरोप एंडोथेलिन-३ चा. तो सांगतो, इतक्यात मज्जापेशी बनू नका, अजून वाट बाकी आहे. हा निरोप पोचला नाही तर पेशी अर्ध्या वाटेतच पक्क्या होतात, चालणे थांबते आणि शेवटचा तुकडा रिकामा राहतो. रेटच्या जनुकातला बदल हे या आजाराचे सर्वांत जास्त आढळणारे जनुकीय कारण आहे.

एंडोथेलिनचा हाच निरोप रंगाच्या पेशींनाही लागतो. म्हणून काही बाळांत कपाळावर पांढरी बट आणि शी न होणे, दोन्ही एकत्र दिसते. १९८१ साली मुंबईच्या डॉ. शहा व सहकाऱ्यांनी अशी बाळे नोंदवली. त्यावरून या प्रकाराला वार्डनबर्ग-शहा सिंड्रोम हे नाव आहे. त्यात ऐकण्याचाही दोष असू शकतो. पांढऱ्या बटेकडे शुभ-अशुभ खूण म्हणून पाहू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि बाळाच्या आईला बोल लावू नका. ग्रहणात काय चिरले, काय खाल्ले, हे विचारून काही हाती लागत नाही. हा प्रवास चालू असतो तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचेही नक्की कळलेले नसते.

आपल्याकडची एक सवय मात्र घात करते. शी होत नाही म्हणून विड्याच्या पानाचा देठ तेलात बुडवून किंवा साबणाची कांडी गुदद्वारात घालतात. या आजारात त्याने कधी कधी धबधब्यासारखी शी होते, पोट उतरते, घरच्यांना हायसे वाटते. पण आजार तसाच राहतो आणि मोलाचे दिवस जातात. एरंडेल तर अजिबात पाजू नये. (काही आठवड्यांचे, फक्त अंगावर पिणारे बाळ दोन-चार दिवस शी करत नसेल, पण पोट मऊ आहे, वजन वाढते आहे, तर तो प्रकार वेगळा.)

आशाताई घरी येतील तेव्हा शी कधी झाली ते तासासकट सांगा. त्रास असेल तर १०८ ला फोन करून, बालशस्त्रक्रिया विभाग असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्या. तिथे औषध सोडून एक्स-रे काढतात आणि गुदाशयातला बारीक तुकडा तपासतात. मज्जापेशी नसलेला भाग काढून वरचे चांगले आतडे खाली जोडण्याची शस्त्रक्रिया १९४८ मध्ये ओर्व्हर स्वेन्सन यांनी प्रसिद्ध केली. आजच्या पद्धती त्याच मार्गाच्या आहेत. काही बाळांना आधी पोटावर शीची तात्पुरती वाट करून देतात. ती पाहून घाबरू नका. खर्चासाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून कोणती योजना लागू होते ते विचारा.

शस्त्रक्रियेनंतरही ताप, फुगलेले पोट आणि घाण वासाचे जुलाब एकत्र दिसले, तर तो आतड्याचा गंभीर दाह असू शकतो. अशा वेळी रात्र असली तरी सकाळपर्यंत थांबू नका.