घरबसल्या डॉक्टरांची भेट : कंपवाताच्या रुग्णाची व घरच्यांची तयारी



वाळूज औद्योगिक वसाहतीत बजाज ऑटोचा कारखाना १९८५ साली सुरू झाला. त्या सुमारास वीस-बावीस वर्षांचे जे तरुण खेड्यापाड्यांतून कामाला आले आणि पुढे बजाजनगरात घर करून राहिले, त्यांनी आज साठी ओलांडली आहे. ज्याला डॉक्टर पार्किन्सन्स म्हणतात तो कंपवात बहुधा याच वयात डोके वर काढतो. हा आजार आमच्या स्वतःच्या घरात आहे. मोबाईलच्या पडद्यावर डॉक्टरांना भेटण्याची जी सोय आता झाली आहे, तिचा उपयोग कसा करावा आणि तिच्यावर कोठपर्यंत विसंबावे, हे आम्ही एक चूक करून शिकलो. ते इतरांच्या उपयोगी पडावे म्हणून हा लेख.

आजाराची थोडक्यात ओळख

लंडनचे डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून त्यास हे नाव पडले. मेंदूत डोपामिन नावाचे रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होत जातात. त्यामुळे हात थरथरतो, स्नायू ताठरतात, हालचाल मंदावते व तोल जाऊ लागतो. अक्षर बारीक होते, आवाज खोल जातो, चेहऱ्यावरचे भाव कमी होतात. आजार मुळासकट घालवणारे औषध आज उपलब्ध नाही. मात्र लेव्होडोपासारख्या औषधांनी त्रास बराच आटोक्यात राहतो. आजार वाढत जाईल तसतशी औषधाची मात्रा आणि वेळ बदलावी लागते. म्हणजेच डॉक्टरांशी संबंध एकदोन भेटींचा नसून वर्षानुवर्षांचा असतो.

येथेच सामान्य कुटुंबाची ओढाताण होते. मेंदूविकारतज्ज्ञ शहरात. बजाजनगरहून निघायचे, पंढरपूर, नगर नाका, बाबा पेट्रोल पंप असे करीत पोहोचायचे, रांगेत बसायचे व दहा मिनिटांच्या तपासणीनंतर तसेच परतायचे. रुग्ण दमून जातो आणि घरातील एकाचा कामावर खाडा पडतो. मग 'पुढच्या महिन्यात जाऊ' असे म्हणत भेट लांबते.

दूरचिकित्सेची सोय व नियम

भारतात दूरचिकित्सेचे नियम २५ मार्च २०२० रोजी प्रसिद्ध झाले. त्यानुसार नोंदणीकृत डॉक्टर व्हिडिओ, फोन किंवा लेखी संदेशाद्वारे सल्ला देऊ शकतात. प्रकृतीचा अंदाज पडद्यावरून येत नसेल तर प्रत्यक्ष या, असे सांगण्याचा अधिकार त्यांना आहे. चिठ्ठीवर डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक असावा लागतो. काही औषधे, विशेषतः अमली व मनःप्रभावी औषधांच्या यादीतील, अशा भेटीत लिहून देण्यावर बंधने आहेत. त्याच वर्षी १३ एप्रिलपासून केंद्र सरकारची 'ई-संजीवनी' ही विनामूल्य सेवा रुग्णांना थेट घरून वापरता येऊ लागली. ज्यांच्याकडे चांगला मोबाईल नाही, त्यांना आरोग्य केंद्रात जाऊन तेथील कर्मचाऱ्यांमार्फत मोठ्या डॉक्टरांशी बोलण्याची व्यवस्थाही या सेवेत आहे.

अशा भेटीने काम भागते काय? अमेरिकेत १८ राज्यांतील १९५ कंपवाताच्या रुग्णांवर वर्षभर अभ्यास झाला व तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना नेहमीच्या उपचारासोबत व्हिडिओ भेटी मिळाल्या, त्यांचे जीवनमान इतरांच्या तुलनेत सुधारलेही नाही आणि खालावलेही नाही. मात्र दर भेटीमागे सुमारे ८८ मिनिटे आणि ६१ किलोमीटरचा प्रवास वाचला. आमच्या मते हा निष्कर्ष नीट समजून घ्यावा. पडदा वेळ वाचवतो. रुग्णाची खरी स्थिती डॉक्टरांपुढे मांडण्याचे काम मात्र घरच्यांकडेच राहते.

आमची चूक

आमच्या वडिलांना, म्हणजे दादांना, कंपवात होऊन सात वर्षे झाली. पहिली व्हिडिओ भेट सकाळी साडेअकराला ठरली. दहा वाजताची गोळी घेऊन, अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून दादा उजेडात खुर्चीवर बसले. डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगितले, बोटे उघड-मीट करायला लावली, खोलीत चालवून पाहिले. "छान आहे काका, हेच औषध चालू ठेवा," असे ते म्हणाले. ना रिक्षा, ना खाडा. आम्ही खूश झालो.

त्याच आठवड्यात पहाटे साडेपाचला दादा मोरीच्या उंबऱ्याशी पडले आणि मनगटाचे हाड मोडले. चौकशी केली तेव्हा कळले की दोन महिन्यांपासून पहाटे त्यांचे पाय दाराशी जमिनीला चिकटल्यासारखे होत होते. रात्रीच्या गोळीचा असर पहाटेपर्यंत उतरलेला असे. आई रोज त्यांना धरून नेत होती. त्या दिवशी तिला झोप लागली होती. "पोराच्या मागे आणखी काळजी कशाला? सांगू नको," असे दादांनीच तिला बजावले होते.

डॉक्टरांनी साडेअकराचे दादा पाहिले, साडेपाचचे पाहिलेच नाहीत. आणि ज्या आईला सारे ठाऊक होते, तिला आम्ही भेटीच्या वेळी स्वयंपाकघरात ठेवले होते.

पुढच्या भेटीत आई शेजारी बसली. आठ दिवसांची नोंदवही व दादांच्या संमतीने पहाटे घेतलेली एक मिनिटाची चित्रफीत आम्ही आधी पाठवली. ती पाहून डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासणीस बोलावले आणि औषधाच्या वेळा बदलल्या. त्यांच्या सांगण्यावरून उंबऱ्याआधी जमिनीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. अशा पट्टीवर नजर ठेवून पाऊल टाकले की अडलेला पाय पुष्कळदा सुटतो. आजार थांबलेला नाही, परंतु तेव्हापासून दादा पडलेले नाहीत.

भेटीपूर्वीची तयारी

१) आठ दिवस वहीत लिहावे : गोळी किती वाजता घेतली, असर केव्हा सुरू झाला, केव्हा उतरला, केव्हा अंग ताठरले किंवा आपोआप हलू लागले. लेव्होडोपाची गोळी जेवणाच्या वेळेशी कशी जुळवली आहे तेही लिहावे, कारण डाळ, दूध, अंडी, मांस अशा प्रथिनयुक्त आहाराने काहींमध्ये तिचा असर कमी होतो.

२) त्रासाच्या वेळची छोटी चित्रफीत घ्यावी. रुग्णाला विचारल्याशिवाय घेऊ नये. तो माणूस आहे, देखावा नव्हे.

३) घरी यंत्र असल्यास रक्तदाब आडवे असताना व उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत मोजावा. वरचा आकडा २० किंवा अधिक उतरत असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे. पडण्याचे तेही एक कारण असते.

४) घेत असलेली सर्व औषधे समोर ठेवावीत. खाजकुहिलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते. तिचे चूर्ण कोणी घेत असेल तर लपवू नये.

५) उजेड रुग्णाच्या तोंडावर यावा. चालताना पाय दिसतील इतक्या अंतरावर मोबाईल टेकवून ठेवावा. चालताना एकाने रुग्णाच्या शेजारी राहावे.

६) रुग्णाचा आवाज खोल गेलेला असतो. त्याला वेळ द्यावा. त्याचे उत्तर आपण देऊ नये. पाणी पिताना ठसका, झोपेत ओरडणे, बद्धकोष्ठ, उदासपणा, भास होणे, यांविषयी लाज न बाळगता बोलावे.

७) शेवटी बदललेल्या मात्रा व वेळा डॉक्टरांना वाचून दाखवाव्यात.

प्रत्यक्ष कधी जावे

स्नायूंचा ताठरपणा डॉक्टर हाताने सांधा वाकवून पाहतात. तोल किती सावरतो हे मागून हलकेच ओढून पाहतात. या दोन्ही गोष्टी पडद्यावरून होत नाहीत. म्हणून पहिले निदान, वारंवार पडणे, गिळण्याचा वाढता त्रास, भास किंवा अचानक झालेला मोठा बदल यासाठी प्रत्यक्षच जावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत पार्किन्सन्सचा समावेश आहे. त्याच्या प्रमाणपत्रासाठीही प्रत्यक्ष तपासणी लागते. बेशुद्धी, डोक्याला मार किंवा श्वास कोंडणे अशा प्रसंगी व्हिडिओची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आणि पुढची भेट मिळाली नाही म्हणून गोळ्या एकाएकी बंद करू नयेत, त्यात धोका असतो.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१) आपल्या गल्लीतील एखाद्या वृद्ध रुग्णास त्याची नोंदवही आखून द्या.
२) भेटीच्या दिवशी मोबाईल लावून द्या. घरचे म्हणाले तर थांबा, अन्यथा बाहेर या. रुग्णाचे बोलणे बाहेर सांगू नका.
३) घरात रात्री व पहाटे रुग्णाची देखभाल कोण करते हे विचारा. बहुधा ती एक बाई असते. भेटीच्या वेळी तिला खुर्ची द्या.

समारोप

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. रुग्ण व नातलग तेथे एकत्र येऊन एकमेकांना अनुभव सांगतात. आपल्या वसाहतीतही चार घरे महिन्यातून एकदा बसली तर पुष्कळ होईल. ज्या हातांनी तीस-तीस वर्षे यंत्रे चालवली ते हात आता थरथरतात, यात लपवण्यासारखे काही नाही. आमच्या घरात ते दोन महिने लपवले गेले आणि त्याची किंमत दादांनी मोजली. डॉक्टर कितीही चांगले असले तरी पडद्यावर त्यांना आपण दाखवू तेवढेच दिसते. म्हणून खरे तेच दाखवावे, एवढीच आमची नम्र विनंती.