टॉन्सिल्सची शस्त्रक्रिया : निर्णयापूर्वी नोंद हवी

"मुलाचे टॉन्सिल्स काढावयास किती खर्च येईल?" हा प्रश्न पालक आमच्या कार्यालयात नेहमी विचारतात. खर्चाचा अंदाज देणे हे प्रशासक म्हणून माझे कामच आहे. परंतु शस्त्रक्रियेची गरज आहे काय, हा प्रश्न त्याआधीचा आहे आणि त्याचे उत्तर तज्ज्ञ डॉक्टरांनीच द्यावयाचे आहे.

न्यूयॉर्कमधील १,००० शाळकरी मुलांची एक पाहणी १९३४ साली प्रसिद्ध झाली. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलांचे टॉन्सिल्स आधीच काढलेले होते. उरलेल्या मुलांना डॉक्टरांच्या तीन गटांनी एकामागून एक तपासले. प्रत्येक गटाने सुमारे ४५ टक्के मुलांना शस्त्रक्रिया सुचविली आणि शेवटी केवळ ६५ मुले उरली. निश्चित कसोटी नसली की असे घडते.

आज कसोटी उपलब्ध आहे. एका वर्षात ७ वेळा, अथवा सलग दोन वर्षे दरवर्षी ५ वेळा, अथवा सलग तीन वर्षे दरवर्षी ३ वेळा घसा सुजून ताप, पू किंवा मानेत गाठी आल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो. याहून कमी त्रास असल्यास बहुधा थांबणे हिताचे असते. वयाबरोबर अनेक मुलांचा त्रास कमी होतो. झोपेत घोरताना श्वास अडत असेल, तर मात्र विलंब न करता तज्ज्ञांना दाखवावे.

म्हणून पालकांनी एक वही ठेवावी. तारीख, ताप, औषधे आणि बुडालेली शाळा यांची नोंद तीत करावी. हिशेबात काय नि आजारात काय, आठवणीपेक्षा नोंद अधिक विश्वासार्ह ठरते.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात सिकलसेल आजार आढळतो. त्यामुळे भूल देण्यापूर्वी ही तपासणी अवश्य करून घ्यावी. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या २४ तासांत, तसेच ५ ते १० दिवसांच्या दरम्यान रक्तस्राव होऊ शकतो. शस्त्रक्रिया गोंदिया वा नागपूरला झाली असेल, तर नवेगाव बांधला परतण्यापूर्वी रात्री-अपरात्री मिळेल अशा वाहनाची सोय करून ठेवावी.

मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या २००६ च्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. तेव्हा गरजेची शस्त्रक्रिया पैशाअभावी टाळू नये आणि सवलत मिळते म्हणून अनावश्यक शस्त्रक्रियाही करवून घेऊ नये. दात्यांच्या देणगीचा योग्य विनियोग यातच आहे.