प्रभात फिल्म कंपनी

कोल्हापूर ही कलावंतांची नगरी होय. या नगरीत बाबूराव पेंटर यांची ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ होती. परदेशी यंत्रावर अवलंबून न राहता बाबूरावांनी सहकाऱ्यांच्या साहाय्याने कॅमेरा घरीच बनविला. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, केशवराव धायबर आणि व्ही. शांताराम हे त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

१ जून १९२९ रोजी या चौघांनी ‘प्रभात’ कंपनी स्थापिली. सीतारामपंत कुलकर्णी भांडवल घेऊन पाचवे भागीदार झाले. येथे मालक तेच कामकरी होते. शांताराम दिग्दर्शन करीत, धायबर कॅमेरा चालवीत, फत्तेलाल देखावे उभारीत आणि दामले यंत्रे सांभाळीत. बोलपट आल्यावर ध्वनिमुद्रणही दामल्यांनीच हाती घेतले. १९३२ साली प्रभातने ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट दाखविला.

१९३३ साली ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा प्रयत्न झाला. त्याच्या प्रती जर्मनीत तयार करविल्या. परंतु रंग मनासारखे उतरले नाहीत. तरीही भागीदार खचले नाहीत. त्यांनी पुण्यास नवा स्टुडिओ बांधला आणि १९३४ साली ‘अमृतमंथन’ने यश मिळविले.

कोल्हापूर-मिरजेकडील कित्येक वारकरी सांगोल्यावरून पंढरीस जातात. त्यांच्या मुखी ज्यांचे अभंग असतात, त्या तुकोबांचे चरित्र दामले-फत्तेलाल यांनी १९३६ साली पडद्यावर आणले. विष्णुपंत पागनीस तुकाराम झाले. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात ‘संत तुकाराम’चा गौरव झाला. एक हिंदू व एक मुसलमान अशा दोन मित्रांच्या हातून ही भक्तिकथा साकार झाली, हे विसरता येत नाही. हिंदू-मुसलमानांच्या स्नेहावरच प्रभातने १९४१ साली ‘शेजारी’ हा चित्रपट काढला.

पुढे मात्र पाच बोटांची मूठ सुटली. धायबर आधीच गेले होते. १९४२ साली शांताराम वेगळे झाले. १९४५ साली दामले निवर्तले. १९५३ साली कंपनी बंद पडली. पैसा, यंत्रे व कीर्ती असूनही ऐक्यावाचून संस्था टिकत नाही. परंतु विद्या मागे उरते. १९६० साली प्रभातच्याच वास्तूत चित्रपटकलेचे शिक्षण देणारी सरकारी संस्था सुरू झाली.

शब्दार्थ : बोलपट – आवाज असलेला चित्रपट, निवर्तणे – मरण पावणे, वास्तू – इमारत.

स्वाध्याय
१. ‘मालक तेच कामकरी’ असे का म्हटले आहे?
२. ‘सैरंध्री’च्या अपयशानंतर भागीदारांनी काय केले?
३. ‘पाच बोटांची मूठ’ म्हणजे काय? स्वतःच्या शब्दांत सांगा.