वीस जानेवारीची थंडी

मुलांनो, दिनदर्शिकेवरील तारीख दरवर्षी ठरल्या वेळी परत येते. पण तिच्याबरोबर येणारी थंडी मात्र दरवर्षी निराळी असते. 'गेल्या वर्षी ह्याच दिवशी केवढे गारठलो होतो!' असे आपण सहज बोलून जातो. परंतु ह्या बाबतीत आपली स्मृती फारशी विश्वासू नसते. कडाक्याची एक रात्र ती वर्षानुवर्षे जपते आणि सौम्य अशा दहा रात्री विसरून जाते. म्हणून थंडीविषयी खरे बोलावयाचे असेल, तर आठवणीपेक्षा नोंदीचा आधार घेणे श्रेयस्कर. एकाच शहरातील एकाच दिवसाच्या नोंदी ओळीने मांडल्या, तर त्यांतून किती गोष्टी उमगतात, हे आज आपण पाहू.

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे दर चार वर्षांनी २० जानेवारीस भर दुपारी बारा वाजता राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी होतो. २० तारखेस रविवार आला, तर जाहीर समारंभ दुसऱ्या दिवशी, सोमवारी करतात. कॅपिटॉल ह्या संसदभवनाच्या बाहेर, उघड्या आभाळाखाली, लक्षावधी लोकांच्या साक्षीने हा सोहळा व्हावा, अशी तेथील रीत आहे. ऐन हिवाळ्यात उघड्यावर समारंभ करावयाचा, तर हवेकडे लक्ष ठेवावेच लागते. त्यामुळे ह्या दिवसाच्या दुपारचे तापमान तेथील हवामान खात्याने निगुतीने नोंदून ठेवले आहे.

पूर्वी हा विधी ४ मार्चला होत असे. निवडणूक नोव्हेंबरात होई. पण घोडागाडीच्या काळात दूरच्या प्रांतांतून राजधानीस पोहोचण्यास फार दिवस लागत. पुढे आगगाडी आली, तारायंत्र आले, आणि एवढा दीर्घ अवधी गैरसोयीचा वाटू लागला. १९३३ साली राज्यघटनेत दुरुस्ती होऊन २० जानेवारी ही तारीख ठरली.

मार्च म्हणजे वसंताचे आगमन, असे कोणी म्हणेल. पण ४ मार्च १८७३ ची नोंद वाचा. त्या दिवशी युलिसिस ग्रँट ह्यांनी दुसऱ्यांदा शपथ घेतली. पहाटे पारा उणे १६ अंशांपर्यंत उतरला होता आणि दुपारी बारा वाजताही तो उणे ९ अंशांवर होता. सोसाट्याचा वारा सुटला होता. सैनिकी शाळांतील तरुण छात्र अंगावर जाड डगला नसताना दीड तासाहून अधिक काळ उभे होते. त्यांतील कित्येक थंडीने कोसळले. रात्रीच्या मेजवानीत पाहुण्यांसमोर मांडलेली पेयेसुद्धा गोठून गेली!

नव्या तारखेचा पहिला शपथविधी २० जानेवारी १९३७ रोजी झाला. फ्रँकलिन रूझवेल्ट ह्यांच्या त्या समारंभाला बर्फाऐवजी पाऊस आला. दिवसभरात सुमारे ४५ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि दुपारचे तापमान शून्याच्या जेमतेम वर होते. तरीही रूझवेल्ट परतताना उघड्या मोटारीतूनच गेले. कारण लोक त्यांना पाहण्यासाठी भिजत उभे होते.

१९६१ साली जॉन केनेडी ह्यांच्या शपथविधीच्या आदल्या रात्री सुमारे २० सेंटिमीटर बर्फ पडला. शेकडो मोटारी रस्त्यांत अडकल्या आणि वाट मोकळी करण्यासाठी सैन्याची मदत घ्यावी लागली. सकाळी आकाश निरभ्र झाले. पण दुपारचा पारा उणे ६ अंशांवरच राहिला. ह्या समारंभात ८६ वर्षांचे कवी रॉबर्ट फ्रॉस्ट काव्यवाचनासाठी उभे राहिले. लख्ख उन्हाने त्यांचे डोळे दिपले आणि हातातील कागदावरची अक्षरे त्यांना दिसेनात. तेव्हा त्या वृद्ध कवीने कागद बाजूला ठेवून आपली एक जुनी कविता मुखोद्गत म्हटली. पाठांतर संकटात कसे साथ देते, ह्याचे हे सुंदर उदाहरण होय.

आता दोन नोंदी शेजारी शेजारी ठेवू. २० जानेवारी १९८१ रोजी रोनाल्ड रेगन ह्यांनी शपथ घेतली, तेव्हा दुपारचे तापमान १३ अंश होते. पुण्यातील हिवाळ्याच्या पहाटेसारखीच ही हवा! चार वर्षांनी तेच रेगन पुन्हा निवडून आले. १९८५ साली २० तारखेस रविवार असल्याने जाहीर समारंभ २१ तारखेस व्हावयाचा होता. त्या सोमवारी पहाटे पारा उणे २० अंशांपर्यंत घसरला आणि भर दुपारीही तो उणे १४ अंशांवर थबकला. शहर तेच, ऋतू तोच, शपथ घेणारी व्यक्तीही तीच. पण दोन नोंदींत तब्बल २७ अंशांचे अंतर!

त्या दिवशी पारा जे सांगत होता, त्याहून अधिक दुःसह अशी थंडी अंगाला जाणवत होती. आपल्या शरीराभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर सतत उडवून लावतो, आणि म्हणून शरीरातील उष्णता अधिक वेगाने बाहेर जाते. वाऱ्याचा हा परिणाम हिशेबात घेतला, तर ती थंडी उणे २३ ते उणे २९ अंशांइतकी झोंबत होती. अशा हवेत उघडे कान आणि बोटे काही वेळातच बधिर होतात. म्हणून शपथविधी कॅपिटॉलच्या घुमटाखालील दालनात उरकण्यात आला आणि मिरवणूक रद्द झाली. त्या मिरवणुकीत वाजविण्यासाठी देशाच्या कानाकोपऱ्यांतून शाळांची वाद्यपथके आली होती. त्या मुलांचा केवढा हिरमोड झाला असेल! पण १८७३ साली गारठून कोसळलेल्या छात्रांचे स्मरण केले, म्हणजे ह्या निर्णयातील शहाणपण ध्यानात येते. समारंभ पुन्हा करता येतो. गोठलेले बोट पुन्हा मिळत नाही. पुढे ४० वर्षांनी, २० जानेवारी २०२५ रोजीही थंडीमुळेच शपथविधी ह्याच दालनात झाला.

एकाच शहराच्या थंडीत एवढा चढउतार का व्हावा? ह्याचे उत्तर नकाशात आहे. भारताच्या उत्तरेस हिमालय पूर्वपश्चिम पसरला आहे. तो मध्य आशियातील अतिशीत हवा बऱ्याच अंशी अडवून धरतो. उत्तर अमेरिकेतील मोठ्या पर्वतरांगा मात्र दक्षिणोत्तर आहेत. त्यामुळे ध्रुवाकडील गार हवा एकदा निघाली, की कॅनडाच्या मैदानांवरून थेट दक्षिणेकडे वाहत जाते. तिला आडवी भिंत नाही. १९८५ च्या जानेवारीत असेच घडले. उलट दक्षिणेकडून किंवा अटलांटिक महासागरावरून वारे आले, की तेच शहर उबदार होते. वाऱ्याने दिशा बदलली, की जणू शहरच आपली जागा बदलते!

ह्या नोंदी वाचताना दोन गोष्टींचे भान ठेवावे. पहिली गोष्ट मोजमापाची. तापमापक उन्हात ठेवला, तर तो हवेऐवजी उन्हाचा ताप सांगेल. म्हणून तो पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर ठेवण्याची पद्धत पडली. केंद्राची जागाही महत्त्वाची असते. वॉशिंग्टनचे केंद्र पूर्वी शहरवस्तीत होते. १९४० च्या दशकापासून ते पोटोमॅक नदीकाठच्या विमानतळावर आहे. जागा बदलली, की आकड्यांत थोडा फरक पडतो. म्हणून जुन्यानव्या नोंदींची तुलना करताना अभ्यासक हा बदल विसरत नाहीत.

दुसरी गोष्ट अर्थ लावण्याची. १९८१ चा आकडा पाहून कोणी म्हणेल, 'हिवाळे संपले.' १९८५ चा आकडा पाहून दुसरा म्हणेल, 'जग गारठत चालले.' दोघांचे आकडे खरे, पण दोघांचेही निष्कर्ष खोटे! एका दिवसाचे तापमान म्हणजे हवा. अनेक वर्षांची सरासरी म्हणजे हवामान. हवामान ठरविण्यासाठी शास्त्रज्ञ निदान ३० वर्षांच्या नोंदी एकत्र करतात. अशा सरासरीवरून वॉशिंग्टनमध्ये २० जानेवारीच्या दुपारी साधारण ३ अंश तापमान असते, असे दिसते. मनुष्याचा स्वभाव जसा एका दिवसाच्या रागावरून ठरवू नये, तसाच ऋतूचा स्वभावही एका दिवसाच्या पाऱ्यावरून ठरवू नये.

आणि ही सरासरी कशातून निघते? कोणीतरी पहाटे उठून, बोटे गारठली असतानाही, पेटी उघडून वाचलेल्या एकेका आकड्यातून. त्या निरीक्षकांची नावे कोणास ठाऊक नसतात. त्यांनी आळसाने एक दिवस वगळला असता, किंवा घरबसल्या अंदाजे आकडा लिहिला असता, तर आज आपल्याला खरे काय ते कधीच कळले नसते. छोटीशी नोंदही प्रामाणिकपणे करणे, ही सत्याची मोठीच सेवा होय.

शब्दार्थ

श्रेयस्कर – अधिक हिताचे. निगुतीने – काळजीपूर्वक. डगला – लांब, जाड कोट. मुखोद्गत – तोंडपाठ. निरभ्र – ढग नसलेले. दुःसह – सोसण्यास कठीण. हिरमोड होणे – निराशा होणे. निष्कर्ष – विचारांती काढलेले अनुमान.

स्वाध्याय

१. शपथविधीची तारीख ४ मार्चऐवजी २० जानेवारी का करण्यात आली?

२. १९८१ व १९८५ च्या नोंदींतील फरक सांगून त्याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.

३. 'दोघांचे आकडे खरे, पण दोघांचेही निष्कर्ष खोटे', असे लेखक का म्हणतात?

४. अमेरिकेत तापमान फॅरनहाइट अंशांत मोजतात. त्या आकड्यातून ३२ वजा करून आलेल्या संख्येस ५ ने गुणावे व ९ ने भागावे, म्हणजे सेल्सिअस अंश मिळतात. १९८१ चा आकडा ५५ फॅरनहाइट होता. पाठातील आकड्याशी तो जुळतो का, ते पाहा.

५. हिवाळ्यातील एक महिना रोज सकाळी ठरावीक वेळी, सावलीतील एकाच जागेचे तापमान वहीत नोंदवा. महिन्याच्या अखेरीस सरासरी काढा व सर्वांत थंड दिवसाशी तिची तुलना करा.