निप्पल खाली, हवा वर

एस्टीमला मोठे कॅलिपर बसवले की गाडी जागच्या जागी थांबते, असं मला ज्या गॅरेजवाल्याने सांगितलं तो आजही तितक्याच थाटात कुणाला तरी हेच सांगत असेल. गाडी १९९८ची. कॅलिपर नाना पेठेतले, वापरलेले पण आत नवं किट टाकलेले. त्याला माझी हरकत नव्हती. बिलात ‘होस पाइप, दोन नग’ असंही होतं. ते लक्षात ठेवा.

पहिल्या दिवसापासून पेडल मऊ. दुसऱ्यांदा दाबलं की वर यायचं. मी तक्रार केली तर शेठ म्हणाले, “साहेब, कॅलिपर मोठा आहे, पेडल थोडं खाली जाणारच. सवय होईल.” यातलं अर्धं खरं आहे, म्हणूनच माणूस फसतो. पिस्टन मोठा असला की त्याच मास्टर सिलिंडरला जास्त ऑइल ढकलावं लागतं आणि पेडल लांब जातं. पण ते लांब जाऊन कडक लागतं. पंप मारल्यावर वर येणारं, स्पंजसारखं पेडल म्हणजे बहुतेक वेळा लाइनमधली हवा. मग त्यांनी मास्टर सिलिंडर बदलला आणि त्याचे पैसे घेतले. पेडल तसंच.

वरंधा घाट उतरताना पेडल जवळजवळ फ्लोअरला टेकलं. दुसऱ्या गिअरवर, हँडब्रेकला हात ठेवून महाड गाठलं. शेजारी बायको बसली होती, ती वाटभर एक शब्द बोलली नाही.

महाडला एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी चाक काढलं आणि कॅलिपरच्या मागून नुसतं बोट फिरवलं. “दादा, हवा काढायचं निप्पल खाली कसं? हवा तर वर बसते.” डाव्याचा कॅलिपर उजवीकडे आणि उजव्याचा डावीकडे बसवला होता! बोल्ट बसतात, पॅड बसतात, बाहेरून काही कळत नाही. मात्र कितीही ऑइल सोडलं तरी वरची हवा निघणार कुठून? इतके दिवस मला ‘सवय होईल’ ऐकवणाऱ्या माणसाने एकदाही खाली वाकून पाहिलं नव्हतं. मिस्त्रींनी अदलाबदल केली, बँजो बोल्टचे तांब्याचे वॉशर नवे घातले (ते दरवेळी नवेच हवेत), आधी मागची चाकं, मग पुढची अशी हवा काढली. पेडल वर आलं.

तरी गाडी डावीकडे ओढत होती, रिमला हात लावला तर चटका. इथे त्यांनी जे दाखवलं ते लिहून ठेवा. चाक जॅकवर घ्या, ब्रेक दाबून सोडा. चाक जाम राहिलं तर लोखंडी पाइप होसला जिथे मिळतो तो जोड जरा सैल करा. चाक मोकळं झालं तर दोष वर, मास्टर सिलिंडरकडे. नाही झालं, तर जोड आवळून निप्पल उघडा. आता ऑइल उडून चाक सुटलं तर होस आतून फुगला आहे: पायाच्या जोराने ऑइल जातं, परत येत नाही. तरीही जामच, तर पिस्टन नाहीतर स्लाइड पिन अडकली आहे. मग पुन्हा हवा काढायची, आणि पत्र्यावर ऑइल सांडू द्यायचं नाही, रंग खातं.

माझा डावा होस फुगला होता. कंपनीतून आला तो, भेगाळलेला. बिलातला दुसरा नग कुठे गेला ते शेठच जाणोत.

बाकी नेहमीचंच. ऑइल दोन वर्षांनी बदला, ते हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४चा उकळबिंदू कोरडं असताना किमान २३०, पाणी शोषलं की १५५ अंशांपर्यंत येतो आणि घाटात तेच नडतं. डॉट ५ सिलिकॉनचं, ते यात मिसळायचं नाही. रबरी सीलला साधं ग्रीस लावू देऊ नका, फुगतं. घाटात गिअरवर उतरा, हे सांगायला हवं का?

आणि काढलेला माल परत मागा. मी माझा जुना मास्टर सिलिंडर मागितला तर शेठ म्हणाले, भंगारात गेला. कुणाच्या तरी गाडीत बसला असेल, कारण त्याला काहीच झालं नव्हतं.