दांडा नसलेला पंप : लंडन येथील एका दिवसाचा अभ्यास

शिक्षणासाठी परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्याने शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहावयाचे म्हटले की, राजवाडे, पूल व वस्तुसंग्रहालये यांचे वर्णन वाचावयास मिळेल अशी वाचकांची अपेक्षा असते. ती स्थळे आम्हीही पाहिली. तथापि सार्वजनिक आरोग्यशास्त्राचे विद्यार्थी या नात्याने एका शनिवारी लंडनच्या रस्त्यांत जे पाहिले, त्याचा आमच्या इचलकरंजीच्या पाण्याशी इतका निकट संबंध आहे की, तेच सांगणे आम्हांस अधिक अगत्याचे वाटते.

सकाळी केपेल स्ट्रीटवरील आरोग्यशास्त्राच्या प्रसिद्ध विद्यालयापासून आम्ही निघालो. 1929 साली उघडलेल्या या इमारतीच्या सज्जांवर डास, पिसू, माशी, ऊ इत्यादी रोगवाहक जीवांच्या सोनेरी प्रतिमा बसविल्या आहेत. ज्यांच्याशी झुंजावयाचे, त्यांची ओळख दारातच व्हावी, हा त्यातील हेतू असावा. तेथून पायी वीस मिनिटांच्या आत सोहो भागातील ब्रॉडविक स्ट्रीट येतो. पूर्वी यास ब्रॉड स्ट्रीट म्हणत. तेथे आपल्याकडील हापशासारखा एक पंप उभा आहे. मात्र त्यास दांडा नाही. हा पंप मूळचा नसून प्रतिकृती आहे.

1854 च्या ऑगस्टअखेर या वस्तीत पटकीने थैमान घातले आणि सहाशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पटकी दूषित हवेने होते, असे त्या काळी बहुतेक विद्वान मानीत. डॉ. जॉन स्नो यांस हे मान्य नव्हते. रोगाचे बीज पोटात जाते, अर्थात ते पाण्यातून येत असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. तर्क सिद्ध करण्यासाठी त्यांनी मृतांची यादी घेतली व ते घरोघर विचारीत फिरले.

आमच्या अध्यापकांनी त्या दिवशी आम्हांस हेच करावयास लावले. हाती जुन्या वस्तीचा नकाशा देऊन, प्रत्येक कोपऱ्यापासून जवळचा पंप किती पावलांवर होता ते मोजावयास सांगितले. मोजता मोजता स्नो यांच्या नोंदींचे मर्म कळू लागले. त्यांनी प्रथम पाहिलेल्या यादीत 83 मृत्यू होते. त्यांपैकी केवळ 10 मृत्यू दुसरा पंप जवळ असलेल्या घरांत घडले होते. त्या दहांची चौकशी करता, पाच घरची माणसे ब्रॉड स्ट्रीटचे पाणी गोड लागते म्हणून मुद्दाम तेथूनच आणवीत असत. आणि तिघे तर त्या पंपाजवळच्या शाळेत जाणारी मुले होती! हे ऐकताच आम्हांस आपल्या शाळेच्या आवारातील नळ आठवला.

जे वाचले, त्यांचीही स्नो यांनी तितक्याच काळजीने विचारपूस केली. शेजारच्या मद्याच्या कारखान्यात सत्तरांहून अधिक कामगार होते. त्यांतील कोणीही पटकीने दगावला नाही, कारण ते बहुधा त्या पंपाचे पाणी पीतच नसत. जवळच्या अनाथगृहात 535 माणसे राहत असून मृत्यू पाचच. तेथे स्वतंत्र विहीर होती. याउलट, दूर हॅम्पस्टेड येथे राहणाऱ्या एका विधवेस या पंपाच्या पाण्याची आवड असल्यामुळे ती गाडीतून बाटली मागवी. तीही पटकीने गेली.

8 सप्टेंबर रोजी पंपाचा दांडा काढण्यात आला. तेणेकरून साथ तत्क्षणी थांबली, अशी कथा प्रचलित आहे. परंतु साथ आधीच ओसरू लागली होती, हे स्वतः स्नो यांनीच प्रामाणिकपणे लिहून ठेवले आहे. तेथील तरुण धर्मोपदेशक हेन्री व्हाइटहेड यांस तर स्नो यांचे म्हणणे खोटे ठरवावयाचे होते. त्यासाठी तेही घरोघर गेले, एकेका कुटुंबाकडे वारंवार गेले, आणि अखेरीस त्यांचेच मत पालटले. पंपाशेजारच्या 40 क्रमांकाच्या घरातील आजारी तान्हुल्याची दुपटी धुतलेले पाणी ज्या मैलाकुंडात ओतले जाई, ते फुटून विहिरीत पाझरत होते, हा शोध त्यांच्याच चौकशीतून लागला.

दुपारी आम्ही टेम्स नदीच्या काठी गेलो. 1858 च्या उन्हाळ्यात या नदीची दुर्गंधी एवढी असह्य झाली की, पार्लमेंटलाही ती सहन होईना. तेव्हा अभियंता जोसेफ बॅझलगेट यांनी शहराचे सांडपाणी अडवून दूर नेणारी भुयारी गटारे बांधली. ज्या रम्य घाटरस्त्यावर प्रवासी फिरतात, त्याच्या पोटातूनच असे एक गटार जाते. 1866 साली पटकी पुन्हा आली, ती मुख्यतः पूर्व लंडनमध्ये, जेथे हे काम पुरे झाले नव्हते.

नदी पाहताना मन पंचगंगेकडे गेले. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी घेऊन ही नदी कोल्हापुरावरून आपल्या गावाकडे येते व पुढे नृसिंहवाडीस कृष्णेला मिळते. वाटेत गावांचे व कारखान्यांचे सांडपाणीही तिच्यात मिसळत आले आहे. 2012 साली इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली व कित्येक घरे दुःखात बुडाली. दूषित पाण्यातून पसरणारी ही ‘हिपॅटायटिस ई’ नावाची कावीळ गर्भवती स्त्रियांस विशेष घातक असते. नळाला पाणी नसते तेव्हा नळी रिकामी होते, आणि ती फुटकी असून शेजारून गटार वाहत असेल, तर घाण आत शोषली जाते.

येथे एक भेद ध्यानी घ्यावा. पटकी काही तासांत वा चारपाच दिवसांत प्रकट होते. ही कावीळ मात्र दोन ते दहा आठवडे दडून राहते. डोळे पिवळे होतात, तोवर ते पाणी केव्हाच वाहून गेलेले असते, व महिन्यापूर्वी आपण कोठले पाणी प्यालो हे कोणास आठवत नाही. स्नो यांस साथ चालू असता विचारून चालले; आपणांस साथ येण्यापूर्वीच लिहून ठेविले पाहिजे.

म्हणून विद्यार्थिमित्रहो, आमची एवढीच विनंती आहे. आपल्या गल्लीचा नकाशा काढा. कोणत्या घरी नळ, कोठे हापसा, कोठे टँकर, कोठे विकतचे जार, नळी गटाराला कोठे लागून जाते, पाण्यास वास वा गढूळपणा कोणत्या तारखेस आला, हे वहीत नोंदवा आणि गळती दिसताच वडील मंडळींकरवी नगरपालिकेच्या नजरेस आणा; 2022 पासून तर ती महानगरपालिका झाली आहे. तोपर्यंत घरात पाणी उकळून प्यावे. या कामास लंडनला जावे लागत नाही. वही, पेन्सिल आणि शेजाऱ्याचे दार ठोठावण्याइतकी आपुलकी पुरे होते.