माल कोठून आला आणि कोठे पिकला?
मुक्त व्यापार करार व आयातदाराची जबाबदारी

शेजारच्या देशाशी मुक्त व्यापार करार झाला म्हणजे तिकडून येणारा सगळा माल शुल्कमुक्त झाला, असा समज व्यापारीवर्गात सर्रास आढळतो. तो अर्धाच खरा आहे. सवलत देशाला किंवा बंदराला मिळत नाही. ती त्या देशात उगम पावलेल्या मालाला मिळते. या भेदावर आयातदाराचा सारा नफा कसा अवलंबून असतो, हे भारत-श्रीलंका कराराच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

हा करार २८ डिसेंबर १९९८ रोजी झाला व १ मार्च २००० पासून अमलात आला. तिसऱ्या देशाचा कच्चा माल वापरला असल्यास निर्यातदार देशात किमान ३५ टक्के मूल्यवृद्धी झालेली असावी आणि मालाचे सीमाशुल्क वर्गीकरणातील चार अंकी शीर्षक बदललेले असावे, अशी त्यात अट आहे. श्रीलंकेच्या उत्पादकाने भारतीय कच्चा माल वापरला, तर तेथील मूल्यवृद्धी २५ टक्के असली तरी चालते. मात्र दोन्ही देशांचा वाटा मिळून ३५ टक्के भरला पाहिजे.

अट कितीही काटेकोर असली, तरी शुल्कातील तफावत मोठी असली की व्यापार तिच्यामागे धावतो. वनस्पती तुपाच्या बाबतीत नेमके हेच घडले. पामतेलावर भारतात भरमसाट शुल्क होते, श्रीलंकेत ते अल्प होते. तेव्हा परदेशी पामतेलापासून वनस्पती तूप बनविणारे कारखाने श्रीलंकेत उभे राहिले व तयार माल भारतात येऊ लागला. येथील उत्पादकांनी ओरड केली आणि आयातीवर वार्षिक अडीच लाख टनांची मर्यादा आली. पुढे एप्रिल २००८ मध्ये भारताने कच्च्या पामतेलावरील शुल्कच शून्यावर आणले. तफावत संपली, तसे त्या कारखान्यांचे प्रयोजनही संपले. केवळ शुल्काच्या फरकावर उभारलेल्या उद्योगाला कर्ज देताना बँकेनेही हे उदाहरण विसरू नये.

आता काळी मिरी घेऊ. तिच्यावर भारतात ७० टक्के मूळ सीमाशुल्क आहे. या करारान्वये वर्षाकाठी २,५०० टनांपर्यंत श्रीलंकेची मिरी शुल्कमुक्त येते. साफ्टा करारान्वये ८ टक्के शुल्क पडते. डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने मिरीसाठी किलोमागे ५०० रुपये ही किमान आयात किंमत ठरविली. त्या भावाने दोन टन मिरीचे मूल्य दहा लाख रुपये होते. अधिभार व अन्य कर बाजूला ठेवले, तर पहिल्या करारात शुल्क शून्य, साफ्टाखाली ८० हजार आणि सवलत नाकारली गेल्यास सात लाख! व्हिएतनामची मिरी श्रीलंकेमार्गे येते, अशी केरळ व कोडगूच्या उत्पादकांची तक्रार आहे. सीमाशुल्क अधिकारी मिरीच्या कागदपत्रांकडे बारकाईने पाहतात, ते त्यामुळेच.

उगम प्रमाणपत्र हाती आले की काम झाले, हा समज तर अधिकच घातक. सीमाशुल्क कायद्यातील कलम २८डीए व २१ सप्टेंबर २०२० पासून लागू झालेले नियम यांनुसार केवळ प्रमाणपत्र सादर करून आयातदाराची सुटका होत नाही. माल उगमाचे निकष कसे पूर्ण करतो, याची माहिती त्याने स्वतःजवळ बाळगावी लागते व किमान पाच वर्षे जपावी लागते. ही माहिती पुरवठादाराकडून सौदा ठरतानाच मागून घ्यावी. पैसे पोचल्यानंतर पत्रांना उत्तरे क्वचितच येतात.

पतपत्र, अर्थात लेटर ऑफ क्रेडिट, उघडणाऱ्या ग्राहकाने येथे विशेष सावध राहावे. यूसीपी ६०० नुसार बँक मालाशी नव्हे, कागदपत्रांशी व्यवहार करते. प्रमाणपत्र पतपत्राच्या अटींनुसार असेल तर बँकेस रक्कम द्यावीच लागते. ती मिरी कोणत्या मळ्यात पिकली, हे तपासणे तिचे काम नव्हे. म्हणजे निर्यातदाराला पैसे मिळून जातात आणि सात लाखांचा प्रश्न मात्र आयातदाराच्या दारात उभा राहतो. सवलत नाकारली गेल्यास शुल्काचा भार कोणी सोसावा, याचे कलम म्हणूनच मूळ सौद्याच्या करारात असावे. पतपत्रात ते घालून भागत नाही.

पडताळणी सुरू झाली की शुल्काच्या फरकाइतके तारण देऊन माल तात्पुरता सोडविता येतो. त्यासाठी ग्राहक बहुधा बँक हमी मागावयास येतो. अशी हमी देताना मार्जिनपोटी ठेवलेली रक्कम अडकून पडते, खेळत्या भांडवलाला तितकी ओढ बसते. परदेशातून उत्तर येण्यास विलंब झाला तर हमीची मुदत वाढवीत राहावे लागते, आणि त्या प्रत्येक वाढीचे कमिशन आयातदाराच्याच खात्यातून जाते.